कॅमेरा हातात, बावटा पाण्यावर

भाईंदर, प्रतिनिधी

उत्तनच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिले, की काठ्यांना बांधलेली फडकी लाटांवर डुलताना दिसतात. खाली जाळे आहे, होडी दुरून न्या, एवढाच त्यांचा अर्थ. उत्तन, पाली, चौक येथील कोळी बांधवांना तो कोणी समजावून सांगावा लागत नाही. पाण्याखाली छायाचित्रे टिपणाऱ्या हौशी पाणबुड्याचा जीवही अशाच एका बावट्यावर अवलंबून असतो. फरक एवढाच, की रोवलेले जाळे जागचे हलत नाही. पाणबुडा मात्र हलतो. बावटा एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, अशी स्थिती झाली की बावटा असून नसल्यासारखाच होतो.

वसईच्या खाडीतून येणारा गाळ आणि भरती-ओहोटीची मोठी ओढ यांमुळे उत्तनचे पाणी गढूळ असते. तेथे पाण्याखालच्या छायाचित्रणाला वाव नाही. त्यामुळे मीरा-भाईंदरमधील हौशी मंडळी मालवण-तारकर्ली, गोव्यातील ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट किंवा अंदमान गाठतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी होडीतून पाण्यात उतरावे लागते. तेथे वर होडी उभी असते आणि नाखव्याचे लक्ष असते. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरण्याची सोय मोजक्याच ठिकाणी आहे. अंदमानातील हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, हे त्यांपैकी एक. अशा वेळी वर राखणीला कोणीच नसते. आपला बावटा आपणच न्यायचा आणि आपणच सांभाळायचा.

दोन झेंडे, दोन अर्थ

पाणबुड्यांचे दोन झेंडे जगभर प्रचलित आहेत. पहिला पांढऱ्या-निळ्या रंगाचा, टोकाला खाच असलेला ‘अल्फा’. आंतरराष्ट्रीय संकेतावलीत त्याचा अर्थ ‘माझा पाणबुडा पाण्याखाली आहे, दूर राहा व वेग कमी ठेवा’ असा दिला आहे. हा झेंडा होडीवर लावायचा असतो. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, पाणबुड्यांचे काम चालू असलेल्या लहान नौकेवर या झेंड्याची किमान एक मीटर उंचीची, न दुमडणारी प्रतिकृती चारही बाजूंनी दिसेल अशी लावावी लागते.

दुसरा झेंडा लाल, त्यावर तिरपा पांढरा पट्टा. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेन्झेल डॉकरी यांना १९५६ मधील या झेंड्याचे श्रेय दिले जाते. आंतरराष्ट्रीय संकेतावलीत त्याला स्थान नाही. पण हौशी पाणबुडे तरंग्यावर बहुधा हाच लावतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तर तो कायद्याने आवश्यक आहे. तेथे तरंग्यावरील झेंडा किमान १२ इंच लांब व १२ इंच रुंद असावा लागतो. पाणबुड्याने खुल्या समुद्रात झेंड्यापासून ३०० फुटांच्या, तर नदीत व जलमार्गात १०० फुटांच्या आत राहण्याचा प्रयत्न करावा आणि त्या अंतरात येणाऱ्या नौकेने वेग अगदी कमी करावा, असा तेथील नियम आहे. ३०० फूट ही कायद्याची कमाल मर्यादा झाली. शहाणा पाणबुडा बावट्याच्या जवळजवळ खालीच राहतो.

छायाचित्रकाराची अडचण

पाण्यात लाल रंग पहिल्या चार-पाच मीटरांतच बहुतांशी शोषला जातो. गढूळपणामुळे दूरचे चित्रही धूसर येते. म्हणून छायाचित्रकाराला प्रकाशझोत सोबत न्यावा लागतो आणि माशाच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर जावे लागते. दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंततात, डोळा पडद्यावर खिळतो. एखाद्या बिळापाशी दहा मिनिटे स्थिर थांबावे आणि मासा निसटताच त्याच्यामागे वळणे घेत जावे, अशी त्याची चाल असते. दिशा, खोली, हवेचा साठा, जोडीदार आणि बावटा या पाचही गोष्टी विसरण्यास एवढे पुरेसे असते.

होडीच्या पंख्याचा खरा धोका असतो तो पाण्यावर येताना. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. त्यामुळे यंत्राचा आवाज ऐकू आला तरी तो कोणत्या दिशेने येत आहे, हे माणसाच्या कानांना कळत नाही. दुसरीकडे, लाटांमध्ये बुडबुडे किंवा काळे डोके नाखव्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त बावटा.

दोर कोणाच्या हाती?

तरंग्याचा दोर सांभाळण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, दोराचे रीळ जोडीदाराकडे देणे. दोघांपैकी एकाच्याच हाती कॅमेरा असेल, तर हा मार्ग उत्तम. मात्र दोघांनी एकमेकांच्या नजरेत राहण्याचे पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरवावे. कॅमेरेवाला पुढे गेला, की जोडीदार बावटा घेऊन त्याच्यामागे जातो. तो माशाच्या नादात वाहवला, तर त्याला थांबवण्याचे कामही जोडीदाराचेच.

दुसरा, रेतीवर लहानसे वजन ठेवून दोर त्याला बांधणे. एकाच खडकाभोवती काम करायचे असेल, तर हा मार्ग सोयीचा. दोन्ही हात मोकळे राहतात आणि दोर प्रकाशझोतांच्या दांड्यांत अडकत नाही. जागा बदलताना मात्र वजन उचलून सोबत न्यावे. ते प्रवाळावर कदापि ठेवू नये. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

तिसरा, रीळ स्वतःजवळ ठेवणे. ते हातात धरावे किंवा एका झटक्यात सुटेल अशा कडीला लावावे. मनगटाला गुंडाळू नये, अंगाला गाठ मारू नये आणि कॅमेऱ्याला तर मुळीच बांधू नये. दोर एखाद्या होडीच्या पंख्यात अडकला, तर बांधलेला माणूस वेगाने वर ओढला जातो. असे एकाएकी वर येणे फुप्फुसांना घातक ठरू शकते.

दोर खोलीपेक्षा थोडाच अधिक सोडावा. पाणी आठ मीटर खोल असेल, तर दहा मीटर दोर पुरतो. जास्त ढिला दोर पायात गुंततो. फार ताणलेला दोर लाटेबरोबर हाताला हिसके देतो. झेंड्याच्या वरच्या कडेत तार घालावी, म्हणजे वारा नसतानाही तो पसरलेला राहतो.

आत जाताना, बाहेर येताना

लाटा फुटत असलेल्या पट्ट्यातून आत जाताना तरंगा मागे राहू द्यावा. परत येताना मात्र तो आपल्यापुढे, किनाऱ्याच्या बाजूला असावा. मागे राहिल्यास लाट तो अंगावर आणून आदळते. रीळ बंद करूनच हा पट्टा ओलांडावा. उधाणापेक्षा भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते आणि गाळही कमी ढवळतो. छायाचित्रांना आणि बावट्यालाही तेच दिवस मानवतात.

वर येण्याची वेळ झाली, की कॅमेरा बंद करून आधी दोर शोधावा. दोराजवळून सावकाश वर यावे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, वर पाहत व एक हात उंचावून स्वतःभोवती फिरून घ्यावे आणि मगच डोके पाण्याबाहेर काढावे. दोर सापडला नाही, तर फुगवता येणारी नारिंगी नळी खालूनच वर सोडावी. ती प्रत्येकाजवळ असलीच पाहिजे. सर्वजण बाहेर आले, की झेंडा लगेच उतरवावा. पाण्यात कोणी नसताना फडकणाऱ्या झेंड्यावर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही.

आधी नाखव्याशी बोला

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे मासेमारीच्या होड्या, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्या आणि जलक्रीडांच्या वेगवान नौका एकाच पाण्यात वावरतात. तरंगता बावटा दिसला की मच्छीमार तो जाळ्याचा समजण्याची शक्यता अधिक. जाळे वाचवण्यासाठी तो थोडी वाट वाकडी करील. पण खालचा माणूस पन्नास मीटरवर वर येऊ शकतो, हे त्याच्या ध्यानी येणार नाही. कोणी बेवारस तरंगा समजून तो उचलूनही नेईल.

म्हणूनच पाण्यात उतरण्यापूर्वी बंदरावर जाऊन झेंडा दाखवावा, जागा आणि वेळ सांगावी, जाळी कोठे आहेत ते विचारून घ्यावे. पाच मिनिटांच्या या बोलण्याने जे साधते, ते नुसत्या कापडाने साधत नाही. बावटा कोणाला अडवू शकत नाही, तो फक्त सांगू शकतो. त्याचे सांगणे खरे ठरवण्यासाठी पाणबुड्याने त्याच्याखालीच राहावे लागते.