दलालाचा परवाना

सागरापार करारानें मजूर धाडणाऱ्या दलालास परवाना असावा, हा दंडक जुना आहे. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८८३ च्या कायद्यांत तो होता. परंतु नांदेड व लातूर तेव्हां निजामाच्या मुलुखांत असल्यानें तेथें तो कायदा चालत नसे. ती राजवट १९४८ सालीं संपली. पुढें १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानें नोंदणीपत्राविना परदेशांतील नोकरीसाठीं माणसें भरणें गुन्हा ठरविलें व त्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. शिक्षणाचा वा वास्तव्याचा केवळ सल्ला विकणारा मात्र त्यांतून सुटला. ब्रिटननें १९९९ सालीं अशा सल्लागारासही कायद्याखालीं आणलें. शेत गहाण टाकून मुलास आखातांत नोकरीस धाडणारा बाप निदान दलालाचें नोंदणीपत्र मागूं शकतो. शिक्षणासाठीं धाडणाऱ्यास त्या कायद्याचा तेवढाही आधार नाहीं.