टोलमाफी आणि ७५२ किलोमीटरची तार

ऑफिसच्या पार्किंगमध्ये हल्ली हिरव्या नंबरप्लेटी वाढल्यात, आणि जेवताना टोलमाफीचे हिशेब चालतात. म्हटलं, या वीकेंडला या सवलतींचा इतिहासच बघू.

महाराष्ट्राचं पहिलं ईव्ही धोरण २०१८ चं. पण लोकांना कळलं ते २०२१ चं. बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे ५,००० रुपये, दुचाकीला जास्तीत जास्त १०,००० (लवकर घेणाऱ्यांना वर आणखी). ही सवलत निदान कागदावर तरी गडचिरोलीलाही होती. चार्जिंग स्टेशनांचं उद्दिष्ट मात्र असं: मुंबई १,५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. चंद्रपूर यादीतच नाही. गडचिरोलीचं तर सोडाच.

मग आलं २०२५ चं धोरण. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला पूर्ण टोलमाफी. अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा कारला एका फेरीचे २५० रुपये होते. रोज जाणाऱ्याचे महिन्याचे किती वाचतात, तुम्हीच गुणा. चंद्रपूरच्या कारवाल्याला यातला सगळ्यात जवळचा रस्ता गाठायलाच आधी बरंच अंतर कापावं लागतं. आणि सिरोंच्यात कोणी ई-स्कूटर घेतली तर? या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला प्रवेशच नाही!

खरी गंमत पुढेच आहे. ही गाडी चालते कशावर? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ चा. आज क्षमता २,९२० मेगावॅट, सगळी कोळशावर. १९९९ मध्ये तिथून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एचव्हीडीसी लाइन सुरू झाली, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी. कोळसा विदर्भात जाळायचा आणि वीज मुंबईच्या दारात उतरवायची, असा सरळ हिशेब. ग्रिडमधल्या विजेवर पत्ता लिहिलेला नसतो हे मलाही कळतं, पण राखेवर असतो. ती चंद्रपुरातच राहते. आपण ज्याला धूर न सोडणारी गाडी म्हणतो, तिचा थोडा धूर तिकडच्या चिमणीतून निघतो.

टोलमाफी काढून घ्या असं मी म्हणत नाहीये (काही मित्र बोलायचे बंद होतील). पण पुढच्या धोरणात चार्जिंग स्टेशनांची यादी करताना मला विचारलंत, तर पहिलं नाव चंद्रपूरच्या एसटी स्टँडचं घालेन, आणि ई-बस आधी मूलवरून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावर सोडेन.