उन्हाकडची बाजू

शिरूरला घोडनदीच्या काठी उतरा. साल १८०३, महिना आषाढ. काळ्या रानांतून आलेलं गढूळ पाणी दुथडी भरून वाहतंय आणि पलीकडे जायला पूल नाही. इंग्रज सेनानी आर्थर वेल्स्लीची फौज जूनमध्येच पुण्याहून अहमदनगरच्या रोखानं निघाली आहे. ऐन पावसाळ्यात दख्खनच्या नद्या ओलांडायच्या म्हणून त्यानं टोपलीच्या होड्या करवून घेतल्या आहेत. साधारण दहा फूट व्यासाची गोल टोपली आणि तिला बाहेरून मढवलेलं दुहेरी चामडं, एवढीच ती होडी.

तशा एका होडीशेजारी उकिडवे बसा आणि चामड्यावरून बोट फिरवा. बोटाला चिकट तेल लागेल. कढवून घट्ट केलेलं करडईचं तेल आहे ते. मोटेचं चामडं आणि नाडा माखायला विहिरीवर हेच वापरतात. माखणारा माणूस काय करतोय ते नीट बघा. त्याचा हात तळापेक्षा काठाजवळच जास्त वेळ घुटमळतोय. तळाचं चामडं पाण्यात असतं, ते मऊच राहतं. पाण्याबाहेरचं मात्र दोन दिवस उघडीप पडली की आकसतं आणि टाक्यापाशी तडकतं.

आता पुढे चला, पण वाटेत फार थांबू नका. १८५८ साली पुण्याहून डिकसळपर्यंत आगगाडी धावू लागली. वीस वर्षांनी दौंड-मनमाड रस्ता झाला आणि गाडी दौंडजवळ भीमा ओलांडू लागली. खिडकीतून खाली बघा. वैशाख आहे, नदीची नुसती धार उरली आहे आणि भोयाची नाव वाळूवर पालथी पडली आहे. पावसाळ्याचे चार महिने तरीवर, बाकीचे वाळूत. कोकणातली होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रात घालतात. आपल्या पर्जन्यछायेच्या मुलखात सगळं उलटं, इथली होडी उन्हाळ्यात विसावते. बिघडते तीही त्याच विसाव्यात. फळी वाळते, सांधे उघडतात, खिळ्याभोवतीचं लाकूड चिरतं. होडी पाण्यानं कुजते हे सगळ्यांना ठाऊक असतं. दौंडकडे ती उन्हानं मरते, आणि माझ्या मते इथल्या होडीबद्दल आधी सांगायची गोष्ट हीच.

आता थांबा. मे १९८४, दौंड तालुक्यातलं खानोटा.

उजनी धरण १९८० साली पुरं झालं. ११७ टीएमसीचा हा साठा माघारी पसरत दौंड तालुक्यापर्यंत आला आहे. रांजणगाव सांडसला भीमेला मिळणारं मुळा-मुठेचं पाणी आणि भीमेतच उतरणारं शिरूरकडचं घोडेचं पाणी, सगळं इथे येऊन थबकतं. ज्यांची रानं या पाण्याखाली गेली, त्यांच्यातल्या काहींनी आता जाळं हातात घेतलं आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या जमिनीत कुणी गाळपेर करतं आणि होडी पाण्यापासून लांब, भेगाळलेल्या गाळावर उभी राहते.

अशीच एक होडी तुमच्यापुढे कुशीवर कलती केली आहे. खाली बाभळीचे दोन ओंडके, टेकूला वाळूच्या गोण्या. पंधरा-सोळा फूट लांब, सपाट तळाची, आंब्याच्या फळ्या आणि बाभळीच्या फासळ्या. होडीचे मालक आबा आणि त्यांच्या दोन मुलांनी गावच्या सुताराला हाताशी धरून ती घरच्या अंगणात बांधली. त्या सुतारानं तोवर गाड्या, पाभरी आणि दारंच केली होती. नाकाडाची वळणदार फळी त्यानं चुलीवरच्या वाफेनं मऊ करून दोरीनं आवळत आवळत वाकवली. ती मोडली नाही, याचं कौतुक आबा अजून करतात.

सकाळचे सहा वाजले आहेत. “पाव्हणं, हात चालवा. नऊनंतर रंगाला हात लावायचा नाही,” असं म्हणणारे दाजी या घरचे जावई. दौंडला रेल्वेत रंगारी आहेत, डबे रंगवतात, आणि सुट्टी काढून खास यासाठी आले आहेत. तुमच्या हातात पॉलिश पेपर देतात. घासायचं ते फळीच्या रेषेनं, आडवं नाही. आडवे ओरखडे रंगाखालून दिसत राहतात.

तळाला डांबर आधीच लागलं आहे. पाणी मागे सरण्याआधी होडी जाळ्यांसकट आणि माणसांसकट पाण्यात सोडून, पाणी कुठवर चढतं तिथे खिळ्यानं खुणा केल्या होत्या. खुणा जोडायला गेरूत बुडवलेलं सूत मारलं, ती लाल रेघ अजून दिसते. रेघेच्या खाली डांबर आणि वर ऑइल पेंट. एका ठिकाणी डांबर चार बोटं वर चढलं आहे. तेवढ्यावरून दाजींचा चेहरा बदलतो. डांबरावर ऑइल पेंट चढवला की काही दिवसांत खालून तपकिरी डाग फुटतात; मग वर कितीही हात मारा, डाग येतच राहतो. म्हणून तो पट्टा खरवडायचा, रॉकेलच्या चिंधीनं पुसायचा, सुकू द्यायचा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा हात देऊन बंद करायचा. या चार बोटांवर तुमची अर्धी सकाळ जाते, आणि ती जायलाच हवी.

कोऱ्या फळीवर पहिला हात रंगाचा नसतोच. जवसाचं तेल, त्यात टर्पेंटाइन, पाण्याइतकं पातळ. फळी ते बघता बघता पिऊन टाकते, विशेषतः टोकांना, जिथे लाकडाच्या शिरा उघड्या असतात. तिथे पुन्हा पुन्हा पाजावं लागतं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून घाई केली की वरून कोरडं आणि आतून ओलं राहतं.

तेल मुरलं की लांबी. खडूची पूड, थोडा सफेदा आणि जवसाचं तेल कणकेसारखं मळून घ्यायचं. खिळ्यांच्या डोक्यांवर ती दाबून भरा, पण फळ्यांमधल्या फटींत भरताना हात आखडा. फटीत राळेत भिजवलेली सुतळी आधीच ठोकलेली आहे. वरची लांबी थोडी खोलगटच ठेवायची. आज या फळ्या मे महिन्याच्या उन्हात आक्रसलेल्या आहेत. पावसाळ्यात त्या फुगतील, काठोकाठ भरलेली लांबी बाहेर ढकलतील आणि रंगावर वळ उठतील. भिंत रंगवणाऱ्याला सपाटी साधायची असते, होडी रंगवणाऱ्याला पुढच्या महिन्यांतलं लाकूड डोळ्यांपुढे ठेवावं लागतं. दाजींना हे आबांनी सांगितलं. डब्यांच्या पत्र्याला फुगण्याचा त्रास नसतो.

लांबी वाळून वर पांढरं अस्तर चढेपर्यंत दिवस जातात, तेवढी उडी मारा.

आता रंगाचा डबा उघडा. डब्यावर कुंचला घेतलेला खोडकर गट्टू आहे, आर. के. लक्ष्मणांनी एशियन पेंट्ससाठी काढलेला. आत पांढरा रंग; काठाच्या पट्टीसाठी वेगळ्या डब्यात निळा. थोरल्याला लाल हवा होता. आबांनी त्याचा हात धरून उन्हातल्या डांबरावर टेकवला आणि मग शेजारच्या पांढऱ्या अस्तरावर. काळं चटका देत होतं, पांढरं नुसतं कोमट होतं. गडद रंग ऊन पितो आणि आतली फळी भाजतो. त्यावर वाद झाला नाही.

रंग तळापासून ढवळा, जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळा. नाकाडापासून सुरू करा आणि मागच्या टोकापर्यंत मध्ये थांबू नका. ओल्या कडेला ओला रंग भिडला पाहिजे, नाहीतर जोड दिसतो. आधी उभा हात, मग आडवा, आणि शेवटी कुंचल्याच्या नुसत्या टोकानं हलकेच एकाच दिशेला. जाड थर देऊ नका. उन्हात जाड थराची वरची साय लगेच धरते, आतलं टर्पेंटाइन कोंडतं आणि फोड येतात. दुपारी वाऱ्याबरोबर गाळाची धूळ उडते, संध्याकाळी चिलटं ओल्या रंगाला चिकटतात. राहता राहिली ती सकाळच, आणि तीही वळीव आला नाही तर.

पहिला हात संपताना ऊन तुमच्या पाठीवर चढलेलं असतं. वहिनी ताकाचा तांब्या आणून ठेवतात. आबा रंगाला हात न लावता, गाल जवळजवळ फळीला टेकवून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघतात. मधल्या फळीवर त्यांना एक ओघळ सापडतो. दाजी कुंचला पुढे करतात, आबा मान हलवतात. आता छेडलं तर साय फाटेल. वाळला की कागदानं घासायचा आणि मग दुसरा हात.

“तोवर पोरांना निरोप धाडा,” आबा तुम्हाला सांगतात. “परवा हिला दुसऱ्या कुशीवर घ्यायचीय. चार माणसं तरी लागतील.”