दोष घशाचा नव्हताच

हेडफोन लावलेत ना? मग एकदा हळूच म्हणून बघा: क, च, ट, त, प. जीभ मागून पुढे सरकत गेली आणि 'प'ला काम ओठांवर आलं. शाळेत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असं पाठ केलं होतं, तो हाच प्रवास. बोलताना हे सगळं आपण विचारही न करता, सेकंदाला दहाच्या आसपास ध्वनी काढत करतो.

आता गंमत बघा. जीभ, ओठ, स्वरयंत्र चिंपांझीलाही आहे. मग तो का बोलत नाही?

हा प्रश्न एका अमेरिकन जोडप्याने फारच मनावर घेतला. कीथ आणि कॅथरीन हेज. 1947 साली जन्मलेलं चिंपांझीचं पिल्लू त्यांनी फ्लोरिडात स्वतःच्या घरी आणलं आणि लेकीसारखं वाढवलं. तिचं नाव विकी. बोलायला शिकवताना ते हाताने तिचे ओठ मिटवायचे, उघडायचे. काही वर्षांच्या मेहनतीनंतर विकी काय म्हणायला लागली? 'मामा', 'पापा', 'कप' आणि फार तर 'अप'. तेही घोगऱ्या, कुजबुजल्यासारख्या आवाजात. 1954 साली विकी गेली. जेमतेम सात वर्षांची होती.

मग संशय घशावर आला. 1969 साली फिलिप लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या माकडाच्या घशाचा साचा काढून हिशोब मांडला. माणसाचं स्वरयंत्र खाली असतं, माकडाचं वर. त्यामुळे आ, ई, ऊ असे ठळक वेगळे स्वर त्याच्या घशातून निघूच शकत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. पुढची कित्येक वर्षं पुस्तकांत हेच छापलं गेलं.

पण मेलेला घसा हलत नाही ना! 2016 साली टेकमसे फिच, आसिफ गझनफर आणि सहकाऱ्यांनी जिवंत मकाक माकडाचा खाताना, ओरडताना, ओठ चुपचुप वाजवताना एक्स-रे व्हिडिओ घेतला. त्याचा घसा कोणकोणते आकार घेऊ शकतो ते मोजलं आणि कॉम्प्युटरवर त्या घशाचा आवाज तयार केला. त्या आवाजात एक इंग्रजी वाक्य वाजवलं: 'माझ्याशी लग्न करशील का?' विचित्र वाटतं, पण शब्द कळतात! 'ई'सारख्या स्वरावर लीबरमन यांचा आक्षेप कायम राहिला. तरी मुख्य मुद्दा सुटला नाही: घसा बऱ्यापैकी तयार आहे, चालवणारा नाही.

चालवणारा म्हणजे मेंदू. माकडाची हाक बहुतेक मेंदूच्या खोल, जुन्या भागांतून येते. भीती, राग, खाऊ दिसला की आवाज. माणसात मात्र मेंदूच्या वरच्या थरातून स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत एक थेट वायर आलीय. माकडांत ती सापडत नाही, चिंपांझींत फारच विरळ असते. दुसरी वायर मेंदूच्या आतली आहे. ऐकण्या-समजण्याचा भाग आणि बोलणं रचणारा भाग जोडणारा धाग्यांचा जुडगा. मकाक, चिंपांझी आणि माणूस यांचे मेंदू स्कॅन करून 2008 साली तुलना झाली, तेव्हा माणसात हा जुडगा कितीतरी दणकट आणि दूरवर पसरलेला दिसला. म्हणजे उत्क्रांतीने अवयव नवा बनवला नाही, जुन्याच घरात नवं वायरिंग केलं.

आता खरं सांगू? याचा पुरावा 1861 सालीच पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये खाटेवर पडलेला होता. लबोर्न नावाचा पेशंट. काहीही विचारा, उत्तर एकच, 'तां तां'. रागावला की मात्र एक शिवी अख्खी बाहेर यायची. उजवं अंग लुळं पडलेलं. डॉक्टर पॉल ब्रोका यांनी विचारलं, इथे किती वर्षं आहात? त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. अगदी बरोबर!

काही दिवसांतच तो गेला. ब्रोकांना त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात जखम दिसली. तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलाय. 2007 साली त्याचा स्कॅन झाला, तेव्हा कळलं की जखम खूप खोल होती. त्या जोडणाऱ्या धाग्यांपर्यंत! घसा शाबूत, समज शाबूत, वायर तुटलेली.

आणि म्हणून हा एपिसोड. आपल्या घरात, शेजारी कुणाला तरी पॅरालिसिसचा झटका येतो आणि वाचा जाते. मग लोक त्यांच्यासमोरच बोलतात, 'यांना आता काही कळत नाही.' काहींची समजही जाते, हे खरं. पण अनेकांची शाबूत असते. मध्येच शिवी किंवा आरतीची ओळ नीट येते आणि साधा 'चहा' येत नाही, तेव्हा ते नाटक नसतं. वेळ द्या. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. त्यांच्या हाताकडे बघा.

कदाचित तेही पंजा उघडून तुम्हाला एकवीस सांगत असतील.

भेटू पुढच्या भागात!