जीप कोणाची? एका चौकोनी गाडीच्या मालकीचा इतिहास

१. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पन्नाशी ओलांडलेल्या माणसासमोर 'जीप' हा शब्द उच्चारा. त्याला एखादी कंपनी आठवणार नाही. बीडीओची जीप आठवेल, फौजदाराची आठवेल, साखर कारखान्याच्या संचालकांची आठवेल, नाहीतर तिठ्यावर माणसे भरण्यासाठी उभी असलेली वडापची जीप आठवेल. कायद्याच्या दृष्टीने मात्र 'जीप' हे एका कंपनीच्या मालकीचे नोंदणीकृत नाव आहे. लोकांचा शब्द आणि कंपनीचे नाव यांची ही ओढाताण जीपच्या जन्मापासूनची आहे. आजच्या धाग्यात तेवढाच एक प्रश्न घेऊ : जीप नक्की कोणाची?

२. प्रारंभ १९४० च्या उन्हाळ्यात होतो. जूनमध्ये फ्रान्स पडला आणि युद्ध आपल्यापर्यंत येणार, हे अमेरिकी लष्कराने ओळखले. टेहळणीसाठी त्यांच्याकडे मोटारसायकली आणि जुन्या मोटारी होत्या. चिखलात दोन्ही निरुपयोगी. लष्कराने १३५ कारखान्यांना पत्रे धाडली. अटी कठीण होत्या : चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळावी, वजन १३०० पौंड म्हणजे सुमारे ५९० किलो असावे आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हजर व्हावा. मुदतीत उत्तर देणारे दोघेच निघाले : अमेरिकन बँटम आणि विलिस-ओव्हरलँड.

३. बँटम हा पेनसिल्व्हेनियातील बटलर गावचा छोटासा, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचा कारखाना. त्याच्याकडे आराखडा करणारा अभियंताही नव्हता. डेट्रॉइटहून कार्ल प्रोब्स्ट यांना बोलावण्यात आले. १७ जुलैला त्यांनी काम हाती घेतले आणि काही दिवसांतच आराखडे तयार केले. २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत पोहोचली, तेव्हा मुदत संपायला जेमतेम अर्धा तास उरला होता. वजन ठरल्यापेक्षा बरेच अधिक भरले. पण गाडी चालवून पाहिल्यावर अधिकाऱ्यांनी वजनाची अटच सैल केली.

४. याच क्षणी बँटमचे दुर्दैव सुरू झाले. एवढ्या लहान कारखान्याला हजारो गाड्या पुरवणे झेपणार नाही, असे लष्कराला वाटले आणि त्याने बँटमचे आराखडे विलिस व फोर्ड यांना पाहू दिले. नोव्हेंबरात त्या दोघांचेही नमुने उभे राहिले. विलिसचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, म्हणजे स्पर्धकांपेक्षा सरस होते. जुलै १९४१ मध्ये गाडीमागे सुमारे ७३९ डॉलर दराने १६,००० गाड्यांचे कंत्राट विलिसला मिळाले. पुढे त्याच आराखड्यावर फोर्डही गाड्या बनवू लागला. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या; त्यांत बँटमचा वाटा तीन हजारांहूनही कमी. जिने कल्पनेला प्रथम आकार दिला, त्या कंपनीच्या नशिबी गाडीमागे जोडायचे ट्रेलर बनवणे आले.

५. आता एक तपशील लक्षात ठेवा, तो शेवटी उपयोगी पडेल. जीपचा चेहरा म्हणजे दोन गोल दिवे आणि त्यांमधली उभ्या फटींची जाळी. विलिसच्या सुरुवातीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडून केलेली जाळी होती. एकाच पत्र्यात उभ्या फटी दाबून काढण्याची युक्ती फोर्डची. ती हलकी आणि स्वस्त होती, म्हणून विलिसनेही उचलली. म्हणजे अंगकाठी बँटमची, हृदय विलिसचे आणि चेहरा फोर्डचा.

६. आणि नाव? ते तर यांपैकी कोणाचेच नव्हते. अमेरिकी सैनिकांच्या बोलीत 'जीप' हा शब्द या गाडीच्या आधीपासून होता. नवख्या शिपायाला किंवा न पारखलेल्या वाहनाला तो लावत. फोर्डच्या नमुन्यावरील 'जीपी' या अक्षरांवरून तो आला, असेही सांगतात. 'पॉपाय'च्या चित्रमालिकेतला, कुठेही जाऊ शकणारा 'यूजीन द जीप' हा प्राणी १९३६ मध्येच लोकप्रिय झाला होता. १९४१ च्या सुरुवातीला विलिसच्या चालकाने वॉशिंग्टनमधील संसद भवनाच्या पायऱ्यांवर गाडी चढवून दाखवली. हिला काय म्हणतात, असे विचारल्यावर त्याने सैनिकांच्या तोंडचा शब्द सांगितला. वृत्तपत्रात तो छापून आला आणि रुळला.

७. युद्ध चालू असतानाच विलिसने 'जीपचे निर्माते आम्हीच' अशा जाहिराती केल्या. १९४३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्यावर आक्षेप घेतला आणि १९४८ मध्ये निकाल दिला : विलिसला एकट्याने निर्मितीचे श्रेय घेता येणार नाही. कल्पनेचे श्रेय लष्करी अधिकारी आणि बँटम यांच्याकडे जात होते. पण श्रेयाने कारखाना चालत नाही. १९५० मध्ये बँटम बुडाली आणि त्याच वर्षी 'जीप' हे नाव विलिसच्या मालकीचे म्हणून नोंदले गेले.

८. तोवर कल्पना जगभर पसरली होती. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांनी जीपच्याच सांगाड्यावर पहिला नमुना उभा केला. युद्धोत्तर काळात पोलाद मोजून मिळे, म्हणून बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे केले. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात 'लँड रोव्हर' जगापुढे आली. जपानमध्ये टोयोटाची 'जीप बीजे' जुलै १९५१ मध्ये फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढून गेली. विलिसच्या नावहक्कामुळे १९५४ मध्ये तिचे नाव बदलून 'लँड क्रूझर' ठेवावे लागले.

९. या गाडीत एवढे काय होते? इंजिनाची शक्ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही एक्सलना वाटून देणारी 'ट्रान्सफर केस' ही तिची किल्ली. एक दांडा ओढला की चारही चाके ओढू लागतात; दुसरा ओढला की वेग घटतो आणि जोर वाढतो. बाकी सारे साधेच : मजबूत चासी, पाट्यांच्या स्प्रिंगा, सपाट पत्रे, वर ताडपत्रीचे हूड. एकाही पत्र्याला अवघड वळण नाही. रणांगणावर शिपायाला पाना-हातोड्याने दुरुस्त करता यावी, हा त्यामागचा विचार होता. भारतात या गाडीला जे आयुष्य लाभले, त्याचे कारण या साधेपणात आहे.

१०. युद्धकाळात कैलासचंद्र महिंद्र वॉशिंग्टनमध्ये भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. त्यांचे बंधू जगदीशचंद्र भारत सरकारचे पोलाद नियंत्रक. २ ऑक्टोबर १९४५ रोजी या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलाद व्यापाराची कंपनी काढली. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन तिथे दुसरा 'महिंद्र' आला. याच कंपनीने विलिसशी करार केला. सुटे भाग खोक्यांत भरून अमेरिकेहून येत आणि मुंबईत माझगावच्या कारखान्यात जोडले जात. ३ जून १९४९ रोजी तिथे पहिली विलिस जीप जोडून तयार झाली.

११. सामान्य माणसाला ही गाडी परवडणारी नव्हती. तिचा पहिला मोठा मालक म्हणजे सरकार. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप गाडीवाटेने खेड्यात शिरू लागली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि जीपचा राबता आणखी वाढला. बियाणे, देवीची लस, पाटबंधाऱ्याची मोजणी, जप्तीची नोटीस, निवडणुकीचा प्रचार : खेड्याला सरकार दिसले ते बहुधा धुरळा उडवत येणाऱ्या जीपच्या रूपाने. त्या धुरळ्यात आशा होती आणि धाकही होता.

१२. सीमेवर तिचे रूप निराळे होते. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तरच्या लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी उघड्या जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उडवले. जीपला चिलखत नव्हते. उसाच्या शेताचा आडोसा घ्यायचा, नेम साधायचा आणि शत्रूला ठिकाण कळायच्या आत जागा बदलायची, एवढेच संरक्षण. १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

१३. अमेरिकेत विलिसने १९५३ मध्ये 'सीजे-३बी' हे उंच बॉनेटचे मॉडेल काढले. बॉनेट उंच, कारण नवे इंजिनच उंच होते. १९६८ मध्ये अमेरिकेने ते बंद केले. भारतात मात्र तोच साचा पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. पेट्रोल महागले, तेव्हा महिंद्रने ट्रॅक्टरसाठी बनणारे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले. पुढे फ्रेंच कंपनी प्यूजोच्या तंत्रज्ञानाची डिझेल इंजिने आली. मूळ इंजिन गेले, गिअरबॉक्स बदलला, चाके बदलली. लोक तिला जीपच म्हणत राहिले.

१४. खाजगी मालकीचा अनुभव इथून सुरू झाला. सरकारी आणि लष्करी जीपगाड्या लिलावात निघत. बागायतदार त्या घेत आणि गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या स्वाधीन करत. ज्यांनी अशी जीप वापरली, त्यांना सांगायला नको : पावसात हूडच्या शिवणीतून मांडीवर ठिबकणारे पाणी, खड्ड्यागणिक कमरेपर्यंत पोहोचणारा दणका, उन्हाळ्यात पायाशी भाजणारा पत्रा. सोय म्हणून तिच्यात काहीही नव्हते. पण गाडी रानात बंद पडली, तर तारेच्या तुकड्याने आणि पक्कडीने ती घरापर्यंत आणता येई. मालकाला आपल्या गाडीतला प्रत्येक भाग ओळखीचा असे. आजच्या मोटारीच्या मालकाला तसे क्वचितच म्हणता येईल.

१५. मग ती लोकांची झाली. एसटी जिथे दिवसातून एकदा किंवा दोनदाच जाई, तिथे जीप आणि पुण्यात बनणारी ट्रॅक्स प्रवासी वाहू लागल्या. कुठे त्यांना वडाप म्हणत, कुठे काळी-पिवळी. चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसे, मागे टपावर आणि पायरीवर माणसे. या वाहतुकीने एसटीचे उत्पन्न बुडवले आणि अपघातांत जीवही घेतले. त्यावर पांघरूण घालू नये. पण बाजाराला निघालेली म्हातारी, कॉलेजची मुलगी, अडलेली बाळंतीण यांना वेळेवर पोहोचवणारी गाडीही अनेक गावांत तीच होती. हप्ता थकला की बँकेचा माणूस दारात येई. कागदावर मालक कोणीही असो, गावाचा तिच्यावर हक्क होता.

१६. आज हा हक्क दोन बाजूंनी आवळला जात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. रस्त्यावरच्या सुरक्षेच्या दृष्टीने नियमात तथ्य आहे. पण ज्या अदलाबदलीवर जीप भारतात टिकली, तिला आता फारशी वाट उरली नाही. शिवाय नव्या गाड्यांचे इंजिन संगणकाच्या ताब्यात आहे. तिथे तार आणि पक्कड चालत नाही.

१७. दुसरी बाजू नावाची आणि रूपाची. विलिसकडून जीपची मालकी कैसर, अमेरिकन मोटर्स, क्रायस्लर अशी हातोहात जात फियाट-क्रायस्लरकडे आली. मार्च २०१८ मध्ये महिंद्रने 'रॉक्सर' नावाची, फक्त रस्त्याबाहेर वापरायची गाडी अमेरिकेत आणली. सुटे भाग भारतातून जात आणि डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्स येथे जोडले जात : माझगावचा प्रवास, उलट दिशेने. फियाट-क्रायस्लरने तक्रार केली की ही आमच्या गाडीच्या रूपाची नक्कल आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ती मान्य केली आणि महिंद्रला गाडीचा चेहरा बदलावा लागला. ज्या रूपावर मालकी सांगितली गेली, त्यात उभ्या फटींची जाळीही होती. आणि ती मुळात फोर्डची होती, हे आपण वर पाहिलेच.

१८. आज जीप या नावाच्या गाड्या पुण्याजवळ रांजणगावला बनतात. माझगावच्या परंपरेतली थार नाशिकला बनते. नाव एकाकडे, वारसा दुसऱ्याकडे, दोन्ही महाराष्ट्रात. कायद्याने उत्तर दिले आहे आणि ते पाळलेच पाहिजे. परंतु इतिहासाने विचारले तर नावे वाढत जातात : बँटमचे प्रोब्स्ट, विलिसचे रूस, फोर्डचा अनामिक पत्रेकाम करणारा, शब्द देणारे शिपाई, माझगावचे कामगार, तालुक्याच्या गावचा मिस्त्री आणि पहाटे पहिली फेरी मारणारा वडापचा चालक.

१९. आपल्या घरी किंवा गावात अशी एखादी जीप असेल, तर तिचे साल, मॉडेल आणि आजवर तिच्यात काय काय बदलले, हे खाली अवश्य लिहा. हा इतिहास अजून पुरता कागदावर आलेला नाही. त्याचा बराचसा भाग मिस्त्रींच्या आठवणीत आहे. धागा समाप्त.