प्रवाळ-मत्स्यालय, घरगुती

खारे पाणी, सच्छिद्र चुनखडक, प्रवाळ आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे मासे, गोगलगायी, कोळंबी यांची काचेच्या टाकीत केलेली जिवंत मांडणी. हौशी मंडळीत 'रीफ टँक' हे नाव रूढ आहे. नुसते खाऱ्या पाण्यातील मासे पाळायचे असतील तर पाण्यातल्या थोड्याफार चुका खपून जातात. प्रवाळ ठेवले की त्या खपत नाहीत. समुद्रापासून दूर असलेल्या गावात अशी टाकी उभी करताना काय लागते यावर प्रस्तुत नोंदीत भर दिला असून त्यासाठी बेळगाव जिल्ह्यातील नंदगड (ता. खानापूर) ते निपाणी हा पट्टा समोर ठेवला आहे.

इतिहास : लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच सुमारास फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या लेखनामुळे समुद्रपुष्पे व शैवल घरी काचपात्रात ठेवण्याची आवड इंग्लंडमध्ये पसरली. जिवंत प्रवाळ मात्र पुढे शंभर वर्षे कोणाला टिकवता आले नाहीत. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातील जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावरच प्रवाळ जगवल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. खडकाच्या छिद्रांत राहणारे जीवाणूच पाणी शुद्ध करतात, हे तत्त्व त्यामागे होते. बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला प्रखर दिवे, फेस काढणारे यंत्र (स्किमर) आणि चुन्याची निवळी यांची जोड दिली. आजची घरगुती टाकी मूलतः या 'बर्लिन पद्धती'चीच आहे.

मराठी मुलखात समुद्री जीव काचेआड पाहण्याची सवय मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने (१९५१) लावली. रत्नागिरीजवळ झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालयही जुने आहे. घरगुती प्रवाळ-टाक्या मोठ्या शहरांतून अलीकडच्या काळात दिसू लागल्या.

टाकी व जागा : चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी मावते. खडक, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात दोनशे लिटरच्या आसपास धरावे. पाणी, काच, खडक आणि घडवंची मिळून भार तीनशे किलोंच्या पुढे जातो. जुन्या माळवदी घरात किंवा लाकडी तुळयांच्या माडीवर तो चढवू नये. तळमजल्यावर, भिंतीला धरून, खिडकीच्या थेट उन्हापासून दूर ठेवावा. सुरुवातीला लहान टाकी सोपी वाटते, पण कमी पाण्यात क्षारता व तापमान झपाट्याने बदलतात. नवशिक्यासाठी दोनशे लिटर हाच खरा लहान आकार होय.

पाणी : या विषयाचा गाभा हाच असल्याने तो विस्ताराने दिला आहे.

ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत नंदगडची नोंद गोव्याशी चालणाऱ्या व्यापाराची पेठ म्हणून येते : गोव्याहून सुपारी, नारळ, खोबरेल, खजूर आणि मीठ वर यायचे, गहू व इतर धान्य खाली जायचे. त्या मिठाचा टाकीला उपयोग होत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आगरात समुद्राचे पाणी आटू लागले की प्रथम चुनखडी व जिप्सम खाली बसतात, मग साधे मीठ (सोडियम क्लोराइड) फुलते, आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहून ते पाणी सोडून दिले जाते. हाती येणाऱ्या मिठात प्रवाळाला लागणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम जवळजवळ नसते. ते पाण्यात विरघळवून पुन्हा समुद्र तयार होत नाही. पुडीतील आयोडीनयुक्त मिठालाही हेच लागू. म्हणून मत्स्यालयासाठी मुद्दाम बनवलेले मीठ (सॉल्ट मिक्स) वापरावे लागते. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम या हिशेबाने दोनशे लिटरच्या पहिल्या भरणीला सात ते साडेसात किलो मीठ लागते.

घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावरून पाणी आणता येईल का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पावसाळ्यात मांडवी व जुवारी यांच्या गोड्या, गढूळ पाण्याने किनाऱ्यालगतची क्षारता उतरते, आणि बंदरांजवळच्या पाण्यात तेल व सांडपाणी असू शकते. उन्हाळ्यात, नदीमुखांपासून दूर, खुल्या समुद्रातून घेतलेले पाणी चालते. पण दर पंधरवड्याला वीस-तीस लिटर पाणी बदलायचे तर कॅन भरून घाट चढण्यापेक्षा मीठ कालवणेच सुटसुटीत पडते.

मीठ कालवायला घ्यायचे पाणी शुद्ध हवे. विहीर, बोअरवेल वा नळ यांपैकी कोणतेही पाणी थेट वापरू नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. जमिनीतील पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका व लोह येऊ शकते. जुन्या पितळी तोट्यांतून उतरणारे तांबे अपृष्ठवंशी जीवांना अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरते. घरातल्या आरओच्या पाण्यावर पुढे रेझिनच्या नळीतून (डीआय) आणखी एक संस्कार करून टीडीएस मीटरवर शून्य आणावे. पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी काही क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते, ती बंद करून घ्यावी. तांब्याच्या घागरीत किंवा हंड्यात हे पाणी साठवू नये.

क्षारता हजारी ३५ (विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६), तापमान २४ ते २७° से., पीएच ८.० ते ८.४, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिग्रॅ., मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिग्रॅ. आणि अल्कता ७ ते ११ जर्मन अंश (डीकेएच) हे मान्य पल्ले आहेत. अमोनिया शून्यच हवा. नायट्रेट व फॉस्फेट किती असावे यावर जाणकारांत मतभेद आहेत. पूर्वी दोन्ही शून्यावर आणण्याकडे कल होता. आता दोन्ही थोडे असावेत असे बहुतेक मानतात. एखादा आकडा पल्ल्याच्या मधोमध असण्यापेक्षा तो रोज तोच असणे प्रवाळाला अधिक मानवते.

टाकीतून रोज पाणी उडते, मीठ मागे राहते. दोनशे लिटरमधून रोज चार लिटर उडाले आणि पाच दिवस भर घातली नाही, तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. म्हणून रोजची भर गोड्या शुद्ध पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे. नवशिक्यांच्या टाक्या मोडतात त्या बहुधा येथेच.

चुन्याची निवळी : कठीण प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात, त्यामुळे पाण्यातील कॅल्शियम व अल्कता दोन्ही ठरावीक प्रमाणात घटतात : अल्कता २.८ अंशांनी उतरते तेव्हा कॅल्शियम सुमारे २० मिग्रॅ.ने उतरलेले असते. निवळी ही दोन्ही त्याच प्रमाणात परत देते, म्हणून हा उपाय जुना असूनही टिकला. लिटरभर शुद्ध पाण्यात साधारण दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळून झाकून ठेवावे. काही तासांत गाळ तळाला बसतो आणि वर काचेसारखे स्वच्छ पाणी राहते. भांडे उघडे राहिले तर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो. तो म्हणजे वाया गेलेला चुना. वरची निवळीच घ्यावी, गाळ ढवळू नये. तिचा पीएच १२ च्या वर असल्याने ती एकदम ओतू नये. रात्री, टाकीचा पीएच उतरलेला असताना, सलाइनच्या नळीने थेंबथेंब सोडावी. दोनशे लिटरच्या टाकीत एक लिटर निवळी गेली की कॅल्शियम सुमारे ४ मिग्रॅ. व अल्कता अर्ध्या अंशाहून किंचित अधिक वाढते. रोज उडणाऱ्या पाण्याची भरच निवळीने केली तर दोन्ही कामे एकत्र होतात. पानाचा चुना किंवा रंगाऱ्याचा चुना वापरू नये, त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. डोळ्यांना व हातांना जपावे.

उजेड, प्रवाह, तापमान : प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले प्रकाशावर अन्न बनवून यजमानाला पुरवतात, त्यांना निळ्या रंगाचा प्रकाश विशेष लागतो. आता एलईडी दिवेच वापरले जातात. पाणी तासाला टाकीच्या दहा ते वीस पट फिरते ठेवावे. घाटमाथ्यावर हिवाळ्यात रात्रीचे तापमान १५° से.च्या आसपास उतरते, म्हणून मुंबई-गोव्यात क्वचित लागणारा हीटर येथे आवश्यक. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा लावल्यास दोन-तीन अंश उतार मिळतो, मात्र पाणी अधिक उडते. वीज गेल्यावर जीव दगावतात ते मुख्यतः प्राणवायूअभावी. बॅटरीवरचा हवापंप किंवा इन्व्हर्टरवर जोडलेला एक पंप एवढे तरी हवेच.

टाकी पिकणे : खडक व वाळू घालून खारे पाणी भरल्यावर टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवावी. या काळात जीवाणूंची एक फळी अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. चिमूटभर माशांचे खाद्य टाकून अमोनिया उत्पन्न करावा व तो एका दिवसात शून्यावर येतो का ते पाहावे. नंतर तपकिरी, मग हिरवे शैवल धरते. या टप्प्यावर घाबरून सगळे पाणी बदलणारे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

जीवांची निवड : प्रथम शैवल खाणाऱ्या गोगलगायी, मग एक-दोन काटक मासे, आणि दोन-तीन महिन्यांनी मऊ प्रवाळ. क्लाउनफिश हा पहिल्या माशासाठी सर्वांत योग्य, कारण तो बंदिस्त जागेत पैदास केलेला मिळतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) देशात त्याची पैदासपद्धती बसवली. महाराष्ट्रात नवी मुंबईत ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे. क्लाउनफिश जन्मतः नर असतो; जोडीतील मोठा मासा मादी होतो. अंडी आठवडाभरात फुटतात. समुद्रातून पकडलेले मासे, विशेषतः सायनाइडने गुंगवून धरलेले, वरून धडधाकट दिसले तरी काही आठवड्यांत दगावतात. विकत घेण्यापूर्वी मासा खातो का ते दुकानातच पाहावे. मोठे सर्जन मासे दोनशे लिटरच्या टाकीसाठी नाहीत.

निपाणी भागासाठी एक खास सूचना : निकोटीन मासे व गोगलगायी या दोहोंना विषारी आहे. ज्या घरात तंबाखू, जर्दा वा विडीचे काम चालते तेथे टाकीत हात घालण्यापूर्वी कोपरापर्यंत धुवावेत आणि हवापंप तंबाखूच्या धुळीपासून दूर ठेवावा.

रोग : पांढरे ठिपके (क्रिप्टोकॅरिऑन) सर्वाधिक आढळतात, त्यावरील तांब्याचे औषध फक्त वेगळ्या टाकीत द्यावे.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झाला, समुद्रघोडे व समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत. त्यामुळे मालवण सागरी अभयारण्य (१९८७), विजयदुर्गसमोरील आंग्रिया बँक, मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी किंवा गोव्याचा किनारा यांपैकी कोठूनही प्रवाळ, अगदी लाटेने बाहेर टाकलेला तुकडाही, घरी आणू नये. आयात केलेल्या व टाकीत वाढवलेल्या तुकड्यांच्या (फ्रॅग) बाबतीत तरतुदींचा अर्थ लावण्यात एकवाक्यता दिसत नाही. विक्रेत्याकडून आयातीची कागदपत्रे मागून घेणे श्रेयस्कर. शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी २०१७ मध्ये काढलेले नियम नंतर मागे घेण्यात आले. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते समुद्रातील खडक काढून आणण्याऐवजी भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक वापरून त्यावर जीवाणू वाढवणे हाच आपल्याकडे योग्य मार्ग आहे. त्याला काही आठवडे जास्त लागतात, इतकेच. सिमेंटचे खडक मात्र अगोदर पाण्यात मुरवून त्यातील अल्क उतरवून घ्यावेत.

सुरक्षितता : झोअँथिड गटातील बटणासारख्या मऊ प्रवाळांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. असे प्रवाळ चढलेले खडक कधीही उकळू नयेत वा गरम पाण्याने धुऊ नयेत. वाफेतून विष श्वासात जाऊन घरातील सर्वांना बाधा झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. कापताना हातमोजे व चष्मा वापरावा. विजेच्या सर्व वायरींना टाकीखाली एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत जात नाही.

खर्च : मीठ, दिवे व वीज या तीन बाबी मोठ्या.

टाकी बंद करणे : मासे व प्रवाळ दुसऱ्या हौशी व्यक्तीला द्यावेत; गोव्याला जाताना समुद्रात सोडू नयेत. अटलांटिक महासागरात लायनफिशचा झालेला उपद्रव मत्स्यालयांतून सुटलेल्या माशांपासून सुरू झाला असे मानले जाते. बदललेले खारे पाणी परसातील झाडांना, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतू नये, जमीन खारावते. ते थोडे थोडे करून, भरपूर गोड्या पाण्याबरोबर, मोरीच्या गटारात सोडावे.