तरीची वेळ आणि कचेरीची वेळ

वरोऱ्याच्या बाजूस वर्धा नदी ओलांडणें हें पूल नव्हते तेव्हां पावसाळ्यापुरतें अवघड असे. पूर आला म्हणजे नाव बंद, ओसरला म्हणजे सुरू. उन्हाळ्यांत बहुधा पायउतार. खाडीची रीत निराळी. तिचें पाणी दिवसांतून दोनदां चढतें, दोनदां उतरतें, आणि ही वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. मुंबई एके काळीं सात बेटांची होती हें शाळेंतील मुलेंहि सांगतात. परंतु त्या बेटांवरील नोकरमाणूस कामावर कसा पोहोंचत असे, याचा विचार क्वचितच होतो.

दक्षिणेस कुलाबा. त्याच्या व मुंबईच्या मध्यें एक चिमुकलें बेट होतें. इंग्रज त्याला ‘म्हातारीचें बेट’ म्हणत. कुलाब्यास लष्कराची छावणी होती, पुढें तोफगाड्यांचा कारखाना झाला, आणि ये-जा वाढली. ओहोटीस खडकांवरून चालत जावें, भरतीस होडी करावी, असा शिरस्ता. आतां पंचांग पाहावें. मुंबईस पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारीं बाराच्या सुमारास येते. म्हणजे सकाळीं सहाला चालत गेलेला मनुष्य सायंकाळीं सहाला चालतच परतेल. अष्टमीस नेमकें उलट. भरती सकाळ-सायंकाळ सहाच्या सुमारास, आणि भांगाची ओहोटीहि पुरती उतरत नाहीं. कचेरीचें घड्याळ मात्र अमावास्या जाणत नाहीं आणि अष्टमीहि जाणत नाहीं. उशीर झाल्यास पगार कापला जाण्याची भीति, आणि घाई केल्यास प्राणांची. भरलेल्या पाण्यांत होड्या घालून माणसें बुडाल्याचे प्रसंग तेथें घडले. अखेर १८३८ सालीं बांध झाला व कुलाबा मुंबईस जोडला गेला. लागलीच जमिनींचे भाव चढले. १८४४ सालीं कापसाचा बाजारच तिकडे हलला. ज्या कारखान्याचा वर उल्लेख आला, तेथेंच नोकरीस असलेले लक्ष्मण अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनीं पुढें जलमार्गानें येणाऱ्या उतारूंसाठीं धक्का बांधला. ‘भाऊचा धक्का’ हें नांव त्यांचेंच.

उत्तरेकडे माहीम व साष्टी बेटावरील वांद्रें यांच्यामध्यें खाडी होती. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकीर्दींत, १८०५ पर्यंत, शीव येथें बांध पुरा झाला होता. पण त्यावर पथकर द्यावा लागे, आणि वांद्र्याच्या माणसाला तो वळसाहि मोठा पडे. तेव्हां माहीमची नाव चुकत नसे. पावसाळ्यांत वारा, खवळलेलें पाणी आणि भाजी-मासळीच्या पाट्यांसह खचाखच भरलेली होडी. ती उलटल्याचें ऐकून कोणाला नवल वाटत नसे. कंपनी सरकार बांधासाठीं पैसा घालण्यास राजी नव्हतें. तो पैसा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं दिला. आरंभीं एक लाख ठरले, खर्च वाढला तसे आणखी ५७ हजार दिले, असा हा १ लाख ५७ हजारांचा हिशेब. या दानामागें नवसाची एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा खोटी. दानास जोडलेली अट मात्र खरी, आणि रकमेहून तीच मोलाची मानावी लागेल. या रस्त्यावर सरकारनें कोणाकडूनहि कर घेऊं नये, अशी ती अट होती. बांधावर कर बसता तर घोडागाडीवाला तो देऊन निघून गेला असता, आणि डोक्यावर पाटी घेऊन रोज दोन वेळां जाणारी कोळीण पुन्हां होडींतच बसली असती. ८ एप्रिल १८४५ रोजीं बांध खुला झाला. १८६७ सालीं विरारहून मुंबईस आगगाडी येऊं लागली, आणि त्या बाजूच्या चाकरमान्याची भरती-ओहोटी कायमची सुटली.

सर्वांची मात्र सुटली नाहीं. बंदराच्या पलीकडे उरण, म्हणजे जुनें करंजा बेट. तेथील मोरा बंदर आणि भाऊचा धक्का यांच्यामध्यें लाँच आजहि चालते आणि तिच्यांत रोजच्या कामावर जाणारे उतारू असतात. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतु खुला झाला. समुद्रावरील एवढा लांब पूल हिंदुस्थानांत दुसरा नाहीं. त्याचें कौतुक रास्तच आहे. परंतु तो खुला झाला तेव्हां मोटारीस एका खेपेचा टोल २५० रुपये ठरला, आणि दुचाकी व रिक्षा यांस त्यावर मुळींच प्रवेश दिला गेला नाहीं. अवाबाईंनीं घातलेल्या अटीसारखी अट येथें कोणी घातली नव्हती. त्याच महिन्यांत रेल्वे उरणपर्यंत आली हें बरें झालें, तरी ती नवी मुंबईवरून फिरून जाते. ज्याचें काम धक्क्याच्या आसपास आहे, त्याला लाँचच जवळची. आणि मोऱ्यास गाळ इतका साचतो कीं मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागूं शकत नाहीं. उतारू पाणी चढेपर्यंत खोळंबून राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोऱ्याचा चाकरमानी घरून निघण्यापूर्वीं तिथि पाहतो.